आशाताईंच्या फॉर्ममधले शेवटचे दोन प्रश्न

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात आधी तंबाखू आणि दारू येते, मग कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, खोकला, अंगावरचे चट्टे, चुलीचा धूर. सगळ्यात खाली दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागलं नाही, असं कितीदा झालं? उदास, निराश कितीदा वाटलं? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. हिंगोली जिल्ह्याच्या मानसिक आरोग्याचं काम खऱ्या अर्थाने या दोन ओळींपाशी सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. 2024मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ते हवंच होतं. पण ज्याचं अंथरुणातून उठण्याचंच बळ गेलं आहे, तो ओपीडीच्या रांगेत येऊन उभा राहत नाही. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे 85 टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. तरी सेनगाव किंवा औंढ्याच्या खेड्यांत चित्र याहून बरं असेल, असं मानायला आधार दिसत नाही.

हे दोन प्रश्न विचारणं सोपं वाटतं, पण कुठे आणि केव्हा विचारले यावर सगळं ठरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतच्या भागात हळद काढायची आणि शिजवायची घाई असते. कुकर पेटलेला, वाफेत कुणी कंद ओततंय, सासू पोती मोजतेय, आणि अशा अंगणात उभं राहून सुनेला विचारलं की उदास वाटतं का, तर ती काय सांगणार? "काही नाही ताई, बरं हाय." गुण शून्य, फॉर्म पूर्ण. तीच आशाताई तिच्या बाळंतपणात सोबत गेलेली असते. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या मागे ती सहज विचारते, झोप लागते का गं, जेवण जातं का? मग कळतं की रात्री दोनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही, पोरगं रडलं तरी उचलावंसं वाटत नाही. फॉर्म भरल्याचा मोबदला ठरलेला आहे. अंगणवाडीमागच्या त्या वीस मिनिटांना दर नाही. पुरुषांचं तर आणखी अवघड. आशाताई येतात तेव्हा ते रानात असतात, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं यादीत असून गावात नसतात. ज्यांना विचारायची सर्वांत जास्त गरज, तेच असे सुटून जातात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की शेतकऱ्याचं दुखणं मनाचं नाही, भावाचं आहे. 2024च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये असताना बाजारात त्याखाली विकावं लागलं. त्यावर समुपदेशन काय करणार? आक्षेप खरा आहे, आणि भावाचं उत्तर सरकारने भावातच द्यायला हवं. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट पैसे दिल्यावर आत्महत्या घटल्याचा अभ्यास आहेच. पण आजार आणि कर्ज एकमेकांना खत-पाणी घालतात. पीकविम्यात नुकसानीची खबर 72 तासांत द्यावी लागे. दोन आठवडे ज्याला कशातच राम वाटत नाही, तो ही मुदत पाळील कशी? बँकेत जाणं, फेरकर्जासाठी अर्ज करणं, सोयरिकीतल्या कुणाकडे मदत मागणं, हे सगळं आधी त्याच्याकडूनच सुटतं. आपली व्यवस्था मात्र उशिरा जागी होते. मृत्यूनंतर फाइल तयार होते, कर्ज होतं का, नापिकी होती का हे तपासून प्रकरण पात्र की अपात्र ठरतं, आणि पात्र ठरलं तर एक लाख रुपये. जिवंतपणी त्या घरात कोण गेलं होतं, हे त्या फाइलीत कुठेच नोंदवलं जात नाही. याची मला सर्वांत जास्त चीड येते.

दुसरा आक्षेप, आशा म्हणजे डॉक्टर नव्हे. नाहीतच. पण गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्यावर तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी 64 टक्के सावरले. ज्यांना हे समुपदेशन मिळालं नाही त्यांच्यात 39 टक्के. विदर्भातल्या 'विश्राम' प्रकल्पात, 30 गावांत, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तिथे गावातल्या कार्यकर्त्यामागे समुपदेशक आणि त्यामागे मानसोपचारतज्ज्ञ असा धागा अखंड होता. राज्याने 2015मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी आणलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पाची मांडणीही अशीच आहे, आणि हिंगोली त्यात आहे. धागा तुटतो तो चिठ्ठी दिल्यानंतर. जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, आणि गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. 14416 ही टेलिमानसची सेवा मोफत आहे, मोलाची आहे. पण घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर बाईने बोलायचं कसं? म्हणून गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हव्यात आणि समुपदेशकाने ठरलेल्या वारी तिथे बसायला हवं. बीपीच्या रांगेतच हाही रुग्ण बसला, तर गावभर बोभाटा होण्याची भीतीही कमी होते.

तालुक्याच्या आढावा बैठकीत किती फॉर्म भरले हे विचारलं जातं. त्यापुढे आणखी दोन आकडे मागता येतील: तीनच्या वर गुण आलेल्यांपैकी किती जण केंद्रात दुसऱ्यांदा आले, आणि जे आले नाहीत त्यांच्यापैकी किती जणांच्या दारात महिन्याच्या आत कुणी जाऊन आलं. आशाताईंच्या मोबदल्याच्या तक्त्यात त्या दुसऱ्या फेरीची ओळ घालण्याचा निर्णय राज्याला पुढच्या पेरणीआधीही घेता येईल.