लाखेचे सील आणि हॅशचा आकडा

झडतीत कोयता सापडला तर पोलीस काय करतात, हे गावातल्या एखाद्या पंचाला विचारा. कोयता कागदात गुंडाळतात, दोऱ्याने बांधतात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतात आणि वर लाखेचे सील मारतात. कोर्टात ते सील शाबूत दिसले, म्हणजे वस्तू तीच असे मानायला आधार मिळतो. पण जप्त झालेली वस्तू मोबाईल किंवा लॅपटॉप असेल तर? लाख बाहेरून लागेल. आतल्या मजकुराचे काय?

त्यालाही सील आहे, बरं का. त्याला ‘हॅश’ म्हणतात. आतला सगळा मजकूर एका ठराविक गणिती रीतीतून काढला, की आकड्याअक्षरांची एक लांब ओळ निघते. एसएचए-२५६ ही रीत वापरली तर चौसष्ट चिन्हांची. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते. म्हणून जप्तीच्या वेळीच ती पंचनाम्यात नोंदवली, तर मागाहून कोणी हात लावला का, हे पडताळता येते.

पण एक मेख आहे. हे सील जप्तीनंतरचे राखते. त्याआधीच कोणी आत काही ठेवले असेल, तर हॅश तेही इमानाने राखणार!

ही नुसती कल्पना नव्हे. नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात भीमा कोरेगाव प्रकरणातील अनेक आरोपी वर्षानुवर्षे होते. त्यांपैकी रोना विल्सन यांचा लॅपटॉप पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत जप्त केला. त्यात सापडलेली पत्रे हा आरोपाचा मोठा आधार. पुढे बचाव पक्षाला डिस्कची प्रत मिळाली आणि ती अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. फेब्रुवारी २०२१मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. त्यात म्हटले, की १३ जून २०१६ रोजी एका ईमेलवाटे ‘नेटवायर’ हा चोरटा प्रोग्राम आत शिरला, बावीस महिने कोणी परका आत वावरत होता, आणि दहा पत्रे त्यानेच एका लपवलेल्या कप्प्यात ठेवली. काही पत्रे तर वर्डच्या अशा आवृत्तीत केलेली, जी त्या लॅपटॉपवर नव्हतीच! हा परका कोण, ते अहवाल सांगत नाही. एनआयएने हे अमान्य केले. सरकारी प्रयोगशाळेला असे काही आढळले नाही, हे तिचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन यांना जानेवारी २०२५मध्ये जामीन दिला, तेव्हा साडेसहा वर्षे उलटूनही आरोपनिश्चिती झालेली नव्हती.

डिस्कची प्रत हाती नसती, तर हा वाद उभाच राहिला नसता. केरळमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१९ रोजी सांगितले, की मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवजच. सरकार पक्ष त्यावर विसंबत असेल, तर एरवी आरोपीला त्याची प्रत मिळायला हवी. त्या खटल्यात मात्र चित्रफीत पीडितेची होती. तिचा खाजगीपणा जपण्यासाठी प्रत न देता फक्त तपासू दिली. मला हा तोडगा रास्त वाटतो.

१ जुलै २०२४पासून नवे कायदे लागू आहेत. झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करायचे असते, आणि कोर्टात द्यायच्या दाखल्यात हॅश लिहायचा असतो. तेव्हा उद्या कोणाचा मोबाईल जप्त झालाच, तर पंचनाम्याची प्रत मागा आणि हॅश कधी काढला, ते वकिलाला विचारायला लावा.

शिक्षकांनी शाळेतल्या संगणकावर दोन ओळींची फाईल करावी, तिचा हॅश काढावा, मग एक काना पुसून पुन्हा काढावा. दोन्ही ओळी फळ्यावर लिहून मुलांना दाखवाव्यात.