सोन्याचा टंच बघता, मग कागदाचा जीएसएम का नाही?



छपाईवरच्या व्हिडिओत बरंच काही सांगायचं राहून गेलं, ते इथे लिहितो. सुरुवात नेहमीच्या तक्रारीपासून. बिलबुक छापायचं, एक प्रेस एक दर सांगतं, दुसरं त्याच्या दीडपट. मग आपण म्हणतो, दुसरा लुटतोय. तसं नसतं. बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या वस्तूंचे दर सांगत असतात, कारण तुम्ही फक्त "हजाराला किती?" एवढंच विचारलेलं असतं.

विट्याच्या माणसाला खरं तर हे शिकवायला नको. आपल्या भागातली गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी गाळतात. नुसती चमक बघून कुणी सोनं घेतं का? आधी वजन, मग टंच, मग भाव. कागदाचंही तेच आहे. फक्त तिथे आपण बोटांत चिमटून "जाड वाटतोय" म्हणतो आणि ॲडव्हान्स देऊन मोकळे होतो.

आधी वजन. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. लक्षात घ्या, जीएसएम म्हणजे जाडी नव्हे. शंभर जीएसएमचा आर्ट पेपर शंभर जीएसएमच्या साध्या कागदापेक्षा हाताला पातळ लागतो, कारण त्यावर गुळगुळीत लेप देऊन तो दाबलेला असतो. म्हणून बोटांवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.

काटा कसा वापरायचा ते बघा. ए-४ आकाराचे १६ कागद शेजारी शेजारी मांडले की एक चौरस मीटर होतो. म्हणजे ७० जीएसएमच्या १६ कागदांचं वजन ७० ग्रॅम भरलं पाहिजे आणि ५०० कागदांच्या रीमचं साधारण २ किलो १९० ग्रॅम. रीम ७५ जीएसएमची असेल तर २ किलो ३४०. किराणा दुकानातला काटासुद्धा हा फरक दाखवतो. व्हिजिटिंग कार्डाचंही तसंच. ९० बाय ५४ मिलिमीटरची १०० कार्डं ३०० जीएसएमची असतील तर जवळजवळ १४६ ग्रॅम भरतात, २५० ची असतील तर १२१ च्या आसपास. लॅमिनेशन असेल तर वजन थोडं वाढतं. गिरणीतून येतानाच कागदात एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात आणि पावसाळ्यात तो दमटही होतो, त्यामुळे पाच ग्रॅमसाठी प्रेसवाल्याशी भांडू नका. पण ३०० सांगून २५० दिला, तर तो फरक हवेचा नाही.

हे का होतं? कागद घाऊक बाजारात किलोवर विकला जातो. २३ बाय ३६ इंच, म्हणजे डबल डेमी आकाराची ७० जीएसएमची रीम साधारण १८.७ किलोची, तर ६० जीएसएमची १६ किलोची. रीममागे पावणेतीन किलो वाचले. दरपत्रकात जीएसएम लिहिलेलाच नसेल, तर ही बचत कुणाच्या खिशात गेली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता टंच, म्हणजे कागदाची जात. मॅपलिथो हा लेप नसलेला पांढरा कागद. यावर पेन चालतं, म्हणून बिलबुक, लेटरहेड, मंडळाची पावतीपुस्तकं यावरच. आर्ट पेपर लेप दिलेला, फोटो झकास येतो, पण त्यावर सही केली की शाई पसरते. डुप्लेक्स म्हणजे वरून पांढरा, मागून करडा पुठ्ठा. मिठाईच्या बाहेरच्या खोक्याला ठीक. पण मिठाई थेट टेकणार असेल तर आतून काय हवं हे प्रेसला आधी विचारा, कारण तो करडा भाग रद्दीच्या लगद्याचा असतो.

द्राक्षवाल्यांसाठी थोडं जास्त लिहितो, कारण इथे खोकं फसलं तर मालच जातो. खोक्याचा दर विचारताना "पाच प्लाय" एवढं पुरत नाही. पाच प्लाय म्हणजे तीन सपाट थर आणि मध्ये दोन नागमोडी. पण प्रत्येक थर कुठल्या क्राफ्ट कागदाचा? इथे बीएफ येतो, म्हणजे बर्स्ट फॅक्टर. बीएफला जीएसएमने गुणा आणि हजाराने भागा, की तो कागद दर चौरस सेंटिमीटरला किती किलो दाबावर फुटेल ते कळतं. १८ बीएफ, १५० जीएसएम कागद २.७ किलोला फुटतो, तर १६ बीएफ, १२० जीएसएम १.९ किलोलाच. दोन्हीची खोकी "पाच प्लाय"च आणि दिसायलाही सारखीच! शिवाय बीएफ फक्त फुटणं सांगतो. थप्पीतलं खालचं खोकं दबेल का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी नागमोडी नळ्या खोक्यात उभ्या हव्यात, आडव्या नकोत. कोल्ड स्टोरेजच्या दमट हवेत पुठ्ठा आणखी मऊ होतो. म्हणून नमुना खोकं भरून, वर वजन ठेवून, रात्रभर थंडीत ठेवा आणि मगच ऑर्डर द्या.

आता छपाई. ५०० पत्रकांचा दर हजाराच्या निम्मा का नसतो, हा अजून एक नेहमीचा प्रश्न. उत्तर प्लेटमध्ये आहे. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. फोर कलर म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटा. त्या बनवणं, मशीनवर चढवणं, रंग जुळेपर्यंत कागद वाया घालवणं, हा खर्च एक प्रत काढा नाहीतर पाच हजार, तेवढाच. आपल्याच जिल्ह्यात, मिरजेत, १८०५ मध्ये पटवर्धन संस्थानिकांनी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापून घेतली होती. कोरणाऱ्याची मेहनत तेव्हाही एकदाच, मग ठसे कितीही काढा. हिशोब तोच आहे.

समजा, प्लेट आणि मांडणीचे २,००० रुपये आणि पुढे प्रत्येक प्रतीला दीड रुपया. मग ५०० प्रती साडेपाच रुपयांना एक पडतात, हजार साडेतीनला, पाच हजार एक रुपया नव्वद पैशांना. (आकडे फक्त उदाहरणाचे.) म्हणून लगेच पाच हजार छापू नका हं! दुकानाचा पत्ता, मोबाइल नंबर किंवा भागीदार बदलला की उरलेली सगळी रद्दी. शंभर-दोनशे प्रतींसाठी डिजिटल बरं, त्याला प्लेटच नाही.

स्वस्त मल्टिकलर कार्डं मात्र बहुतेकदा "कंबाइन"मध्ये छापली जातात. म्हणजे एका मोठ्या शीटवर वीस-पंचवीस गिऱ्हाइकांची कार्डं एकत्र. शेजारच्या कार्डाला लाल जास्त लागला की तुमचं बोधचिन्हही लालसर येतं. दर कमी मिळाला, तर शेडची तक्रार करायची नाही, असा तो व्यवहार आहे. कंपनीचा रंग कायम एकच हवा असेल तर स्वतंत्र शीट मागा. आणि मोबाइलवर दिसतो तसा झगझगीत भगवा फोर कलरमध्ये येतच नाही. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, कागदावर शाई असते. तोच भगवा हवा तर स्पेशल कलर सांगा, त्याचे पैसे वेगळे.

बिलबुकात आणखी एक गोची. "५० चं पुस्तक" म्हणजे ५० पानं की ५० बिलं? वस्तू विकणाऱ्याला जीएसटीच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: गिऱ्हाइकाची, वाहतूकदाराची आणि स्वतःची. सेवा देणाऱ्याला दोन. म्हणून "५० गुणिले ३" असं बोला, म्हणजे १५० पानं. कार्बनलेस कागद घेतला तर वरचा, मधला आणि खालचा कागद वेगवेगळ्या लेपाचा असतो. क्रम चुकला की खाली काहीच उमटत नाही. पुस्तकं ताब्यात घेताना नंबरिंग तपासा. नंबरिंगचं चाक अडकलं की एकच नंबर दोनदा पडतो आणि एका आर्थिक वर्षात एका बिल नंबरची दोन बिलं चालत नाहीत. प्रत्येक पुस्तकातलं एक बिल फाडून परफोरेशनही बघा.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळंच. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवता तो युनिकोड. डीटीपीवाला बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये काम करतो. मजकूर बदलून घेताना रफार उडतो, "ऱ्या" फुटतो, जोडाक्षर मोडतं. म्हणून प्रूफ मोबाइलवर वाचून "ओके" टाकू नका. कागदावर काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. फोन नंबर तर प्रत्यक्ष लावून बघा. प्रूफवर तुमची सही झाली की पुढची चूक तुमची, हा प्रेसचा रिवाज आहे आणि माझ्या मते तो योग्यच आहे.

पुढच्या वेळी दर मागताना दोन-तीन प्रेसना एकच मेसेज पाठवा. असा:

"बिलबुक, ए-५ आकार, ५० गुणिले ३, कार्बनलेस, प्रत्येक प्रतीचा जीएसएम कळवा. एका रंगात, एका बाजूने. नंबर १ पासून, पहिल्या दोन प्रतींना परफोरेशन, पुठ्ठ्याचं बाइंडिंग. २० पुस्तकं. कागदी प्रूफ हवं. डिझाइन, जीएसटी आणि पोहोच धरून दर सांगा, आणि ४० पुस्तकांचाही."

यातल्या कुठल्या ओळीला प्रेसने उत्तर दिलं नाही ते बघा. फोन करून आधी तेच विचारा, दराचं नंतर.