लोखंडही दबते

वायू दाबता येतात, द्रव फारसे दबत नाहीत, स्थायू तर मुळीच नाहीत. शाळेत पाठ केलेले हे वाक्य इंजिनिअरिंगच्या मुलांच्या तोंडूनही सर्रास ऐकू येते. पहिल्या दोन विधानांबद्दल तक्रार नाही. तिसरे मात्र साफ चूक आहे आणि ते इतक्या ठामपणे सांगितले जाते, की पुढचे प्रश्न कोणी विचारतच नाही.

स्थायूतले अणू आधीच एकमेकांना खेटून बसलेले असतात, मग आणखी जवळ कसे येणार, असा सवाल केला जातो. पण अणू म्हणजे दगडी गोट्या नव्हेत. आकर्षण आणि प्रतिकर्षण जिथे समसमान होते, त्या अंतराभोवती ते थरथरत असतात. बाहेरून दाब आला की हे अंतर घटते. किती घटते, हे मोजता येते.

रेल्वेचे रूळच घ्या. उन्हाळ्यात रूळ वाढतात म्हणून सांध्यात फट ठेवतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. आता मुख्य मार्गांवरचे रूळ वेल्डिंग करून लांबच लांब सलग केलेले असतात, फट नसतेच. मग वाढ जाते कुठे? बसवतानाच्या तापमानापेक्षा रूळ 30 अंशांनी जास्त तापला, तर मोकळा असता तो किलोमीटरमागे सुमारे 35 सेंटिमीटर लांबला असता. स्लीपर, क्लिपा आणि खडी त्याला जखडून ठेवतात. दोन्ही टोकांकडचा थोडा भाग सोडला, तर ही सगळी वाढ पोलाद स्वतःतच जिरवते, मीटरमागे जेमतेम 0.35 मिलिमीटर. तेवढ्यासाठी मीटरला 60 किलो वजनाच्या एका रुळात सुमारे 55 टनांचा रेटा साठतो. खडी कमी पडली तर हाच रेटा रुळाला बाजूला वाकवतो, म्हणून तर भर दुपारी रुळांवर गस्त घालावी लागते. पोलाद दबतच नसते, तर असे रूळ टाकताच आले नसते.

रुळावरचा दाब फक्त लांबीच्या दिशेने असतो, त्यामुळे तो आडवा किंचित फुगतो. चहूबाजूंनी दाब दिला की आकारमानच घटते. मेरियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे 1,100 वातावरणांच्या दाबाखाली, पोलादाचे आकारमान 0.07 टक्क्यांच्या आसपास कमी होते, तर पाण्याचे सुमारे 5 टक्के.

हे फारच थोडे वाटत असेल, तर पृथ्वीच्या केंद्राकडे पाहा. तिथे दाब सुमारे 36 लाख वातावरणे आहे. आपल्या हातातल्या लोखंडाची घनता घनसेंटिमीटरला 7.9 ग्रॅम. झिवोन्स्की आणि अँडरसन यांनी 1981 मध्ये भूकंपलहरींच्या आधारे मांडलेल्या प्रारूपात केंद्रापाशी ती सुमारे 13 आहे, आणि तिथला गाभा मुख्यतः लोखंडाचाच आहे, तोही स्थायू!

तापमान आणि दाब इथे एकमेकांविरुद्ध काम करतात. तापवल्यावर अणूंमधले सरासरी अंतर वाढते, बंध सैलावतात आणि पदार्थ दाबायला सोपा होतो. दाबाखाली उलटे घडते. अणू जवळ येतील तसे प्रतिकर्षण झपाट्याने चढते, आणि आधी जितके दाबले त्याहून पुढचे दाबणे अवघड होत जाते. केंद्रातले लोखंड 5,000 अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असूनही, त्याच प्रारूपानुसार, आपल्या लोखंडापेक्षा दाबायला आठपटीहून अधिक कठीण आहे. दाब तिथे उष्णतेवर पुरती मात करतो.

आता किरकोळ गैरसमज. खोडरबर सहज दबते? नाही, त्याचा फक्त आकार बदलतो. आकारमान घटवायला ते जवळजवळ पाण्याइतकेच हट्टी आहे. स्पंज दाबला की आतली हवा निघून जाते, त्यात स्थायू दबल्याचे काही सिद्ध होत नाही. जे दबायला कठीण ते टणकही, हेही खरे नाही: आकारमान घटवण्याच्या बाबतीत ऑस्मियम हा धातू हिऱ्याच्या जवळपास पोहोचतो, पण हिरा त्याच्यावर सहज ओरखडा काढेल. आणि तापमान-दाबाचा वर सांगितलेला नियमही सगळ्यांना लागू नाही. शुद्ध सिलिकाची काच तापवल्यावर अधिक ताठर होते आणि दाब वाढवत नेला की सुरुवातीला चक्क मऊ पडते.