शेगडीचे दुखणे अंगावर काढू नका

घरातला टीव्ही बंद पडला तर त्याच संध्याकाळी मेकॅनिक येतो. गॅसच्या शेगडीचा एक बर्नर मात्र सहा-सहा महिने धड पेटत नसतो, आणि घरातली बाई दुसऱ्या बर्नरवर सगळा स्वयंपाक उरकत असते. सकाळी डबा वेळेवर मिळतो, म्हणून बाकीच्यांना त्याचा पत्ताच नसतो. शेगडीजवळ रोज तीन-चार तास उभे राहणाऱ्या भगिनींना बिघाड आधी कळतो. पण पैसे कशाला घालवायचे, म्हणून त्या दुखणे अंगावर काढतात. हे खर्चाच्या दृष्टीने चूक आहे आणि जिवाच्या दृष्टीने तर फारच धोक्याचे आहे.

कुर्ल्याचे नेहरूनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर अशा वसाहतींतल्या जुन्या इमारती असोत की कल्याण-अंबरनाथकडच्या बैठ्या चाळी, या घरांत स्वयंपाकाची जागा चिंचोळी असते. ओट्याला लागून मोरी, शेजारी फ्रीज, खाली सिलिंडर आणि खिडकीपुढे सामान रचलेले. मोठ्या घरात जो बिघाड किरकोळ ठरेल, तो अशा जागेत घातक ठरू शकतो. म्हणून शेगडीची लक्षणे घरातल्या सगळ्यांनीच ओळखायला शिकावे.

ज्योत काय सांगते?

चांगल्या शेगडीची ज्योत निळी आणि स्थिर असते. ज्योत पिवळी झाली, भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर गॅसमध्ये हवा नीट मिसळत नाही असे समजावे. बहुतेक वेळा उतू गेलेले दूध, भाताची पेज किंवा वरण बर्नरच्या छिद्रांत वाळून बसलेले असते. कधी बर्नरखालच्या नळीत झुरळ किंवा कोळ्याचे जाळे अडकलेले असते. अशी ज्योत गॅस जास्त खाते. शिवाय कोंदट खोलीत अर्धवट जळालेल्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, म्हणून तो कळत नाही. डोके जड होणे, मळमळणे ही त्याची लक्षणे असू शकतात. स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे.

बर्नरला एका बाजूनेच ज्योत येत असेल तर त्या बाजूची छिद्रे तुंबली आहेत. 'फट्' आवाज होऊन ज्योत आत शिरत असेल तर बर्नर नीट बसलेला नाही किंवा त्याची छिद्रे झिजून मोठी झाली आहेत. ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जात असेल तर हवा किंवा गॅसचा दाब जास्त आहे. एकच बर्नर मंद चालत असेल तर त्याच्या जेटमध्ये कचरा असण्याचा संभव असतो. दोन्ही मंद असतील तर सिलिंडर संपत आला आहे का, नळी कुठे दबली किंवा मुडपली आहे का, हे आधी पाहावे.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, एखाद्या घरात १४.२ किलोचे सिलिंडर ३० दिवस पुरते. बिघडलेल्या शेगडीमुळे ते २६ दिवसांत संपू लागले, तर वर्षाला बाराऐवजी चौदा सिलिंडर लागतील. दोन सिलिंडरच्या पैशांत साधी दुरुस्ती बहुधा होऊन जाते.

घरी काय करता येईल?

बर्नर साफ करणे हे घरचेच काम आहे. रेग्युलेटर बंद करावा, शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी. मग बर्नर काढून गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवावा आणि जुन्या टूथब्रशने घासावा. पितळी बर्नरला चिंच किंवा लिंबू चालते. छिद्रातला कचरा टाचणीने अलगद काढावा, टाचणी फिरवून छिद्र मोठे करू नये. बर्नर पूर्ण वाळल्यावरच बसवावा. लहान बर्नर लहानाच्या जागी आणि मोठा मोठ्याच्या जागी गेला पाहिजे. वरची काच असलेली शेगडी गरम असताना तिच्यावर गार पाणी टाकू नये, काच तडकते.

नळी महिन्यातून एकदा तपासावी. शेगडीला आणि रेग्युलेटरला जिथे ती जोडलेली असते, तिथे वाकवून पाहावी. भेग दिसली, टोक सैल झाले किंवा उंदराने कुरतडल्याची खूण दिसली, तर त्याच दिवशी बदलावी. वर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये. पूर्वी साधी हिरवी नळी असे. आता तारेची जाळी असलेली नारिंगी 'सुरक्षा' नळी मिळते. तिची मुदत पाच वर्षांची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, मध्ये जोड नसावा आणि ती शेगडीखालून गरम भागाला टेकत नेऊ नये.

मेकॅनिकचे काम कोणते?

बटण फिरवायला जड जात असेल तर आतल्या कॉकचे ग्रीस वाळलेले असते. त्याला खास ग्रीस लागते. खोबरेल किंवा मशीनचे तेल घालू नये. बटण बंद करूनही बर्नरवर बारीक ज्योत राहत असेल तर कॉक झिजला आहे; अशी शेगडी वापरूच नये. जेट साफ करणे किंवा बदलणे आणि कॉक दुरुस्त करणे ही कामे जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावीत. रेग्युलेटर तर कधीच उघडू नये; तो एजन्सीकडूनच बदलून घ्यावा.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि पुढे अनेक जुन्या वसाहतींत पाइपचा गॅस पोचला. पाइपच्या गॅसचा दाब सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असतो, म्हणून शेगडीला मोठ्या छिद्राचे जेट बसवतात. नवी शेगडी घेतल्यावर ही जुनी शेगडी आपण प्रेमाने गावी भावाकडे पाठवतो. तिथे ती सिलिंडरला जोडली की मोठ्या जेटमधून भरमसाट गॅस येतो आणि पिवळ्या ज्वाळा उठतात. शेगडी देण्याआधी जेट बदलून द्यावेत.

दारावर येऊन 'गॅस कंपनीकडून आलो आहे, नळी बदलावीच लागेल' असे सांगणारे लोकही असतात. ओळखपत्र पाहावे, एजन्सीला फोन करून खात्री करावी, मगच घरात घ्यावे. सुट्या भागांवर आयएसआय खूण पाहावी. बिल मागावे आणि जपून ठेवावे. तेल कंपन्यांनी गॅस अपघातांसाठी विमा घेतलेला असतो. दुर्दैवाने काही घडले तर एजन्सीला लगेच लेखी कळवावे लागते आणि तेव्हा ही कागदपत्रे उपयोगी पडतात.

गॅसचा वास आला तर

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, मोरीच्या भोकात साचतो. म्हणून खिडकीबरोबर दारही उघडावे. पाइपचा गॅस हलका असल्याने वर छताकडे जातो. वास येताच शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करावा. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक बंद करावा. पेटती मेणबत्ती, अगरबत्ती विझवावी. दिवा, पंखा, फ्रीज यांपैकी कशाचेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण ठिणगी उडते. रेग्युलेटर काढून सिलिंडरला बांधलेली टोपी घट्ट बसवावी. सगळ्यांना बाहेर काढून, बाहेर गेल्यावरच १९०६ या क्रमांकावर फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पाइपच्या गॅससाठी बिलावर छापलेला तातडीचा क्रमांक लावावा. गळती कुठे आहे हे साबणाच्या पाण्याच्या फेसाने पाहावे. काडी ओढून पाहणाऱ्यांची घरे जळाली आहेत.

नवे सिलिंडर आले की आणणाऱ्याकडून तोंडावरचे रबरी वायसर तपासून घ्यावे. सिलिंडर उभेच ठेवावे आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी.

या रविवारी घरातल्या पुरुषमंडळींनी आणि मोठ्या मुला-मुलींनी शेगडी ओट्यावरून खाली उतरवावी, बर्नर धुवावेत, नळीवरची तारीख वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. १९०६ हा आकडा दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवावा. आणि जी रोज शेगडीपुढे उभी असते तिला विचारावे, कोणता बर्नर त्रास देतो? ती सांगेल ते काम याच महिन्याच्या खर्चात धरावे.