मोटारीचा कणा आणि त्याचा तडा

धर्माबादच्या बाजारात मिरचीचा हंगाम सुरू झाला की पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते. मिरची वजनाला हलकी, म्हणून पोती उंच रचतात. मग खड्ड्यातून जाताना गाडी एका कुशीवर कलते आणि तिच्या खालचा लोखंडी सांगाडा ओल्या धोतरासारखा पिळला जातो. आपले लक्ष पोत्यांकडे. सांगाड्याकडे कोण पाहतो? पण भार वाहणारा तोच. कारागीर त्याला चासी म्हणतात. जुन्या मोटारीच्या चासीला तडा गेला तर काय करावे, ते आज पाहू.

आपल्या मुलखाला जुन्या मोटारी नव्या नाहीत. धर्माबाद निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याच्या रेल्वेने १९३२ साली २७ आल्बियन गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. त्या काळच्या बहुतेक मोटारींच्या सांगाड्याची घडण साधी असे. पोलादी पत्रा दाबून पन्हळीचा आकार दिलेल्या दोन लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया आणि सांध्यांना रिव्हेटा. आजच्या बहुतेक लहान मोटारींना असा वेगळा सांगाडा नसतो. मात्र ट्रकला तो असतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही असतो; तेव्हा हा विषय केवळ हौशी लोकांचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढे जाड पोलाद, त्याला तडा जातोच कसा? एका धक्क्याने सहसा जात नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. पोलादालाही असा शीण येतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत व्होलर या अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. एका खेपेला सहज पेलणारा भार लाखो वेळा पडला तर पोलाद तोडतो.

तडा सुरू कुठे होतो? रिव्हेटीच्या भोकापाशी, काटकोनी खाचेपाशी, पाट्यांच्या आधाराजवळ आणि स्टिअरिंगची पेटी बसवलेल्या जागी. कापडाचा दुकानदार कात्रीने लहानशी चीर देतो आणि मग कापड सर्रकन् फाडतो, तसेच हे. चिरेच्या टोकाशी सारा ताण एकवटतो. इंग्लिस या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली त्याचे गणित मांडले. रुंद पत्रा ताणला असता गोल भोकाच्या काठाशी ताण तिप्पट होतो. पण ताणाला आडव्या असलेल्या, रुंदीच्या दहापट लांब अशा लांबट भोकाच्या टोकाशी तो एकवीसपट होतो! तडा तर त्याहूनही धारदार.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करावा. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्या. दोन्हींच्या कडेला सारखी चीर द्यावी. एकीच्या चिरेच्या टोकाला पंचाने गोल भोक पाडावे. दोन्ही ताणून पाहाव्या. कोणती आधी फाटते, ते मुलेच सांगतील.

कारागिराची सारी युक्ती याच गणितावर उभी आहे. प्रथम तड्याचे खरे टोक शोधावे. जागा घासून स्वच्छ करावी, रॉकेल लावून थोडा वेळ थांबावे, मग पुसून कोरडी करून खडू फासावा. तड्यात शिरलेले रॉकेल वर येते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. जिथे रेघ संपते, तिथे पाच-सहा मिलिमीटरचे गोल भोक पाडावे.

त्यानंतर बॅटरीच्या तारा सोडाव्या आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आतली वाफच पेट घेते. जॅक लावून सांगाडा सरळ करावा. वाकड्या स्थितीत सांधला तर तो कायमचा वाकडा राहतो. तडा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल घासून, कोरड्या राखलेल्या रॉडने तो तळापासून भरावा. वरवर फिरवलेला रस म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला चुना! जोड देणारी पट्टी लावायची तर ती शंकरपाळ्यासारखी तिरप्या टोकांची असावी आणि जाडीला मूळ पत्र्याहून जास्त नसावी. चौकोनी पट्टीच्या सरळ कडेशी ताण पुन्हा एकवटतो आणि शेजारी नवा तडा पडतो. तुळईच्या वरच्या व खालच्या पट्टीवर सर्वांत जास्त ताण असतो. तिथे नवी भोके पाडू नयेत. गंजाने पत्रा पापडासारखा झाला असेल, किंवा पोलाद तापवून मुद्दाम कणखर केलेले असेल, तर साध्या वेल्डिंगच्या भरीस न पडता तो भाग बदलणेच शहाणपणाचे.

मोटार पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक पथ्य आहे. २०२१ साली केंद्र सरकारने अशा जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी नियम केले. मोटार मूळ रूपात हवी, सांगाड्यात फेरबदल केलेला नको, अशी त्यांत अट आहे. म्हणून तडा सांधावा, पण सांगाड्याची घडण बदलू नये. चासीचा क्रमांक तर घासला जाऊ देऊच नये. कामाआधी व नंतर छायाचित्रे काढून ठेवावी.

शेवटी मुख्य गोष्ट. तडा हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. मोडलेला पाटा, सैल रिव्हेट किंवा अतोनात भार तसाच राहिला, तर उत्तम कारागिराचे कामही फार दिवस टिकणार नाही. स्टिअरिंगपाशी सांधा उकलला तर चक्र हातात असूनही गाडी हातात राहत नाही. तेव्हा हंगामापूर्वी एक दिवस गाडीखाली बत्ती घेऊन जावे. चार पोती कमी भरल्याने कोणाचा संसार बुडत नाही. भरल्या गाडीचा कणा वाटेत मोडला तर मात्र बुडू शकतो.