सोलापूर, शोलापूर, सोन्नलगी

सोलापूर शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही त्यांची नावे. मे १९३० मध्ये महात्मा गांधींना अटक झाल्याची बातमी आली आणि या गिरणगावात असंतोषाचा आगडोंब उसळला. काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून जणू उठूनच गेला होता. पुढे १२ मे रोजी सरकारने तेथे लष्करी कायदा पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

समजा, या प्रसंगावर निबंध लिहून आणा असे तुमच्या गुरुजींनी सांगितले. तुम्ही काय कराल? पूर्वीचा विद्यार्थी वाचनालयात जाई, नाही तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारी. आजचा विद्यार्थी बहुधा मोबाइल हाती घेतो, शोधयंत्राच्या चौकटीत ‘सोलापूर मार्शल लॉ’ अशी अक्षरे लिहितो आणि क्षणार्धात त्याच्या पुढ्यात पानांचा ढीग येऊन पडतो. त्यातील पहिली चार पाने तो वाचतो. चारही पानांवर जवळजवळ तीच वाक्ये असतात. चार जणांनी तेच सांगितले म्हणजे ते खरेच असले पाहिजे, असे त्याला वाटते. परंतु ते चार निरनिराळे साक्षीदार नसतात. पुष्कळदा बोलणारा एकच असतो आणि बाकीचे तीन त्याचे प्रतिध्वनी असतात.

त्या काळची वृत्तपत्रे, सरकारी कागद, जुने ग्रंथ यांतील मजकूर मग गेला कोठे? तो नाहीसा झालेला नाही. त्यातील बराचसा इंटरनेटवर आलेलाही आहे. तरी तो तुमच्यापुढे आला नाही. असे का घडते हे समजण्यासाठी शोधयंत्राचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे.

एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. ‘उजनी’ हा शब्द कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे ते तीत दिलेले असते, म्हणून सारा ग्रंथ न चाळता आपण नेमके पान उघडतो. शोधयंत्र अशीच एक अवाढव्य सूची तयार करून ठेवते. त्याचे संगणक एका पानावरून दुसऱ्या पानावर, तेथील दुव्याने तिसऱ्या पानावर असे अखंड हिंडत असतात, आणि कोणता शब्द कोठे भेटला याची नोंद करीत जातात. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा ते सारे जग धुंडाळीत नाही. आधीच करून ठेवलेली आपली वही फक्त उघडते. वहीत जे नोंदलेले नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही!

आता वहीत एका शब्दापुढे लाखो पाने असली, तर आधी कोणते दाखवावे? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचे एक चतुर उत्तर शोधले व १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली. माळरानावर तहानलेला वाटसरू काय करतो? जिकडे पुष्कळ पाऊलवाटा जातात तिकडे चांगली विहीर असेल असा तर्क तो बांधतो. तसेच, ज्या पानाकडे इतर पुष्कळ पाने बोट दाखवितात ते पान आधी दाखवावे, असे त्यांनी ठरविले. आज या क्रमात आणखी अनेक गोष्टी मिळविल्या जातात, आणि पैसे देऊन लावलेल्या जाहिरातीही त्यात असतात. मूळ कल्पना उत्तमच होती. मात्र एखादी विहीर आडबाजूस असली, तिचे पाणी कितीही गोड असले आणि तिकडे वाटच पडलेली नसली, तर वाटसरू तेथे पोहोचत नाही.

मराठी मजकुराच्या पुष्कळ विहिरी अशा आडबाजूस आहेत. जुन्या पुस्तकांची पाने यंत्राखाली धरून त्यांची चित्रे काढली जातात व ती इंटरनेटवर ठेवली जातात. आपल्या डोळ्यांना ती अक्षरे दिसतात, पण संगणकाला ते केवळ काळे-पांढरे ठिपके असतात. चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी साधने आता निघाली आहेत. परंतु झिजलेल्या खिळ्यांनी छापलेली जुनी जोडाक्षरे पाहून ती वारंवार चकतात. दुसरी अडचण फार मौजेची आहे. युनिकोड ही सर्व लिपींसाठी एकच सांकेतिक पद्धत रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या निराळ्या टंकात लिहिला जाई. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या पोटात तेथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असे. असा मजकूर शोधयंत्राला अर्थहीन अक्षरांची खिचडी वाटते. शिवाय ग्रंथालयांच्या सूच्या असतात. त्यांच्या स्वतःच्या शोधचौकटीत शब्द लिहिल्याशिवाय आतील नोंदी दिसत नाहीत, आणि बाहेरून हिंडणारे यंत्र तेथे दारातूनच परतते.

म्हणून एकाच दारावर थाप मारून स्वस्थ बसू नये. दुसरी शोधयंत्रे आहेतच. मायक्रोसॉफ्टचे बिंग २००९ मध्ये निघाले. त्याची वही निराळी, म्हणून क्रमही निराळा. डकडकगो हे २००८ मधील. शोधणाऱ्याने काय काय विचारले याची नोंद त्याच्या नावावर ठेवावयाची नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. मात्र त्याची उत्तरे बहुतांशी बिंगच्याच वहीतून येतात. दुकान निराळे असले, तरी घाऊक व्यापारी तोच!

खरा लाभ होतो तो वेगळ्या प्रकारच्या दारांवर गेल्याने. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते खंड आता घरबसल्या वाचता येतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश त्याहून जुना. तो १९२० च्या दशकात निघाला व तोही इंटरनेटवर आला आहे. जिल्ह्याची माहिती हवी असेल, तर गॅझेटियर हा ग्रंथ पाहावा. सोलापूर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८४ मध्ये निघाले आणि महाराष्ट्र शासनाने त्याची नवी आवृत्ती १९७७ मध्ये काढली. सोलापुरातील पहिली कापड गिरणी १८७७ ची. तेव्हा १८८४ चा लेखक गिरणगावाची पहिली पावले पाहत होता, आणि १९७७ चा लेखक १९३० चा उठाव आठवीत होता. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे एकाच गावाची दोन वयांतील छायाचित्रे पाहिल्यासारखे वाटते. जुन्या मजकुरात एखादा अपरिचित शब्द अडला, तर मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आहे. १८५७ च्या आवृत्तीचा हा कोश शिकागो विद्यापीठाने शब्द शोधता येईल अशा रीतीने ठेवला आहे.

ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था सुरू केली. संकेतस्थळे बदलतात, बंद पडतात. या संस्थेने त्यांची पूर्वीची रूपे जपून ठेवली आहेत. एखाद्या पानाचा पत्ता ठाऊक असला, तर ते पान दहा वर्षांपूर्वी कसे होते हे तेथे पुष्कळदा पाहावयास मिळते. भारतातील अनेक जुनी पुस्तकेही तेथे आहेत. परंतु त्यांपैकी कित्येक मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत नोंदलेली असल्यामुळे देवनागरीत शोधणारा रित्या हाताने परततो.

येथेच आपण गावाच्या नावाशी येतो. इंग्रजी अमदानीत सरकारी कागदांत रोमन लिपीत या गावाचे नाव ‘शोलापूर’ असे लिहीत. मोठी शोधयंत्रे हल्ली सोलापूर आणि शोलापूर एकच आहेत हे ओळखतात. पण एखाद्या ग्रंथालयाची साधी सूची तेवढी शहाणी नसते. सोलापुरी चादर विणणारा जेकार्ड माग तुम्ही पाहिला आहे काय? भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आज्ञेप्रमाणे तो धागे उचलतो व चादरीवर सुंदर फूल उमटते. पण आपण फूल विणीत आहोत हे मागाला मुळीच ठाऊक नसते. साधी सूचीही अशीच. तुम्ही दिलेली अक्षरे जेथे जुळतील तेवढेच ती दाखविते. तिला ‘सोलापूर’ सांगाल तर १९४७ पूर्वीचे पुष्कळसे कागद तुमच्या हाती लागणार नाहीत. तेथे ‘शोलापूर’ असेच लिहिले पाहिजे. त्याचप्रमाणे कोणी ‘मार्शल लॉ’ लिहितो, कोणी ‘लष्करी कायदा’. कोणी ‘कुर्बान’, तर कोणी ‘कुरबान’. सारी रूपे करून पाहावीत.

माणसालाही कधी दोन नावे असतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये जे पाच भारतीय डॉक्टर गेले त्यांपैकी ते एक. जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. चीनमध्ये ते ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जातात. हे नाव ज्याला ठाऊक नाही, त्याला कोटणीसांविषयी चिनी लोकांनी काय लिहिले आहे ते बहुधा सापडणार नाही.

अलीकडे प्रश्न विचारताच सबंध उत्तर लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांची भाषा गोड व बेधडक असते. परंतु खरे आणि कल्पित यांची सरमिसळ ती त्याच गोड भाषेत करतात. त्यांनी एखादी तारीख दिली, तर ती कोणत्या ग्रंथातील हे विचारावे आणि तो ग्रंथ स्वतः उघडून पाहावा. ग्रंथ सापडला नाही, तर ती तारीख निबंधात घालू नये.

शोधून आणलेल्या गोष्टी नीट ठेवणे हे निम्मे काम होय. बहुतेक मुले येथे आळस करतात, आणि मोठी माणसेही त्यांच्याहून फार शहाणी नाहीत! आठ दिवसांनी ‘हे मी कोठे वाचले होते बरे?’ असे म्हणत पुन्हा शोधावयास बसतात. डॉ. रंगनाथन हे भारतातील थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ. एका पुस्तकाला कपाटात एकच जागा असते, पण त्यातील विषयाला अनेक बाजू असतात, ही अडचण त्यांना सतावीत होती. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. तेच थोडे तुकडे वेगवेगळे जोडून अनेक आकृती करता येतात, हे पाहून त्यांना युक्ती सुचली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वर्गीकरण पद्धतीत विषयाच्या निरनिराळ्या बाजू सुट्या मांडून जोडल्या जातात. स्थळ आणि काळ या त्यांपैकी दोन. तुम्हीही प्रत्येक माहितीसाठी एक चिठ्ठी करा. वर स्थळ, काळ व विषय लिहा. खाली ग्रंथाचे नाव व पृष्ठ, किंवा पानाचा पत्ता आणि ते पाहिल्याची तारीख लिहा. कोणते शब्द वापरून शोधले तेही टिपून ठेवा. काही सापडले नाही तरी टिपा, म्हणजे त्याच रिकाम्या विहिरीवर पुन्हा जावे लागणार नाही.

चित्ररूप पानांना बोलते करण्याचे काम मात्र अजून पुष्कळ उरले आहे. मराठी विकिस्रोत या संस्थळावर स्वयंसेवक जुन्या ग्रंथांचे पान समोर ठेवून त्यातील मजकूर अक्षर न् अक्षर तपासतात. एक तपासतो, दुसरा पुन्हा तपासतो. असे तपासलेले पान शोधयंत्राच्या वहीत उतरू शकते.

चार पुतळ्यांवर निबंध लिहून झाला आणि गुरुजींनी सिद्धेश्वराच्या तळ्यावर दुसरा निबंध सांगितला, तर तुमच्या दोन्ही नावांचा फारसा उपयोग होणार नाही. भुईकोट किल्ल्याला लागून असलेले हे तळे बाराव्या शतकातील संत सिद्धरामेश्वर यांनी बांधविले असे मानतात. त्या काळी या गावाला सोन्नलगी किंवा सोन्नलिगे म्हणत, आणि सिद्धरामांची वचने कानडीत आहेत. तेव्हा हे नाव कानडी लिपीतच लिहून शोधावे लागेल. सोलापूरच्या पुष्कळ घरांत मराठीबरोबर कानडी आणि तेलुगूही बोलतात. तुमच्या वर्गात घरी कानडी वाचणारी एखादी मुलगी असेल. तिला शेजारी बसवून घ्या आणि ती अक्षरे तिच्याकडून लिहवून घ्या.