पाच बादल्या गरम पाणी आणि ऐंशी हजारांचे यंत्र

दिवाळी सरली की जुन्नर-आंबेगावची थंडी अंगात शिरते. घोडेगाव असो, ओतूर असो की मंचर-नारायणगावचा बागायती पट्टा असो, पहाटे टाकीतले पाणी हाताला चावते. पहिल्या पाळीला जाणारा कामगार, सकाळच्या एसटीने कॉलेज गाठणारी मुले, बाजारात हमालीला जाणारा बाप, साऱ्यांना गरम पाणी एकाच वेळी लागते. ते तापवण्याचे काम मात्र घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला येते. ते माणूस कोण, हे आमच्या भगिनींना सांगायला नको.

सरपणाची गोष्ट त्याहून अवघड. या दोन्ही तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्याचा मुक्काम आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उगाच उभे राहिलेले नाही. अंधारात बांधावर काटक्या वेचायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि नंतर चुलीचा धूर आहेच. तेव्हा पाणी तापवायचा दुसरा मार्ग शोधणे ही चैन आहे, असे कोणी म्हणू नये.

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिचयातील एक भगिनी ‘हीट पंप’ नावाच्या यंत्राचे कोटेशन घेऊन आल्या. पती खाजगी कारखान्यात, दोन मुले शिकणारी, घरात म्हातारी सासू. विक्रेत्याने सांगितले होते, “ताई, विजेचे बिल तिसऱ्या हिश्श्यावर येईल, हप्ता सहज निघेल.” यातले पहिले वाक्य खरे आहे. दुसऱ्या वाक्यात गोम आहे. आम्ही पडलो कारकून. आकडे समोर आले की बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. तो हिशेब वाचकांपुढे ठेवतो.

आधी यंत्र समजून घेऊ. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा, गरम लागते. फ्रिज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट्या बाजूने करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. वीज खर्च होते ती उष्णता तयार करायला नव्हे, वाहून न्यायला. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. यात फसवणूक काही नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराच्या नगरभवनात १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता ओढणारा असा पंप बसला होता. इंग्लंड व वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने घरगुती हीट पंपाचे अनुदान ५,००० पौंडांवरून ७,५०० पौंड केले. पण तिकडे अख्खे घर महिनोन्‌महिने उबदार ठेवावे लागते. आपली गरज पाच बादल्यांची.

पाच बादल्या म्हणजे शंभर लिटर. हिवाळ्यात १५ अंशांचे पाणी ४० अंशांवर न्यायला साध्या गिझरला सुमारे तीन युनिट लागतात. महिन्याला नव्वद युनिट झाले. हीट पंपाला तीस पुरतात. आता बिलाची खरी खोच पाहा. महावितरणचा पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, शंभराच्या पुढच्या युनिटांना तो जवळजवळ दुप्पट होतो. हिशेबासाठी ६ रुपये आणि १२ रुपये धरू. वाचकांनी आपल्या बिलावरचा आकडा घालावा. ज्या घराचा वापर आज सत्तर युनिट आहे, तिथे गिझर लावला की तीस युनिट सहा रुपयांनी आणि साठ युनिट बारा रुपयांनी पडतात. म्हणजे महिना ९०० रुपये जादा. हीट पंप लावला तर घर शंभराच्या आतच राहते आणि जादा खर्च फक्त १८० रुपये. बचत ७२० रुपये.

ही बचत चार महिन्यांची. वर्षाचे २,८८० झाले. उन्हाळ्यात टाकीचे पाणी आपोआपच कोमट असते, तेव्हा यंत्र असो वा नसो, फरक थोडा. टाकीसह यंत्र, नळजोडणी, वायरिंग, अर्थिंग मिळून ८० हजार धरले, तर रक्कम वसूल व्हायला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे लागतील. यंत्र तितकी वर्षे टिकेल का?

आणि ८० हजार रोख आणणार कोठून? शेकडा दोन रुपये महिना व्याजाने, घटत्या शिलकीवर, चोवीस हप्त्यांत फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे ४,२३० रुपये बसतो. दोन वर्षांत २१ हजारांवर रुपये नुसते व्याज. बचत सातशे वीस, हप्ता चार हजार दोनशे! प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) २०१६ साली सपाट भागातील घरकुलाचे अनुदान १ लाख २० हजार ठरले होते. अख्ख्या घराच्या अनुदानाचा दोन तृतीयांश भाग न्हाणीघराच्या भिंतीवर टांगायचा काय?

त्या भगिनींना आम्ही हेच आकडे कागदावर लिहून दिले. त्यांचे म्हणणे मात्र आम्हाला विचार करायला लावणारे होते. त्या म्हणाल्या, “भाऊ, हिशेबात माझी पहाट कुठे धरली?” खरे आहे. ती बिलात येत नाही, पण म्हणून तिची किंमत शून्य होत नाही. फक्त तीच पहाट स्वस्तात सुटत असेल तर आधी तो रस्ता पाहावा.

तो रस्ता आपल्या डोक्यावरच आहे. आपल्याकडे थंडी असते तेव्हा आभाळ निरभ्र असते. शंभर लिटरचा सौर बंब हीट पंपाच्या निम्म्याहून कमी खर्चात बसतो आणि ऐन हिवाळ्यात उत्तम चालतो. पावसाळ्यात, विशेषतः डिंभे-भीमाशंकरच्या बाजूला, तो रुसतो. तेव्हा गॅस आहे. दोन घरांनी मिळून एक बसवला तरी चालेल. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतील अनुदान, दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार, हे छतावरच्या वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे. ते हीट पंपाला लागू नाही, कोणी सांगितले तरी. त्यासाठीही मीटर आणि घर नावावर हवे. ज्यांचे घर अजून आजोबांच्या नावावर आहे त्यांनी ग्रामपंचायतीतील नोंद आधी लावून घ्यावी.

गॅसवर हेच पाणी तापवले तर हिवाळ्याला अडीच-तीन सिलिंडर लागतात. पण गॅस गिझर बंद न्हाणीत कधीही लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस आंघोळ करता करता कोसळतो. बादलीतला विजेचा रॉड स्वस्त खरा, पण अर्थिंग नसलेल्या घरात बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये. मुलांना तर त्याच्याजवळ फिरकू देऊ नये.

मग हीट पंप कोणाच्या कामाचा? जिथे बारमाही आणि पुष्कळ पाणी लागते, तिथे. वसतिगृहाचेच घ्या. शंभर मुली, प्रत्येकी एक बादली, म्हणजे दोन हजार लिटर. हिवाळ्यात गिझरला साठ युनिट, हीट पंपाला वीस. दिवसाला चाळीस युनिट वाचले तर यंत्राची किंमत थोड्या वर्षांत निघते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना विजेच्या धोरणाचे काम बाबासाहेबांकडे होते, आणि वीज स्वस्त व मुबलक हवी असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा मागासवर्गीय मुलामुलींच्या वसतिगृहात पहाटे गरम पाणी मिळावे, ही मागणी आपण समाजकल्याण खात्याकडे हक्काने केली पाहिजे. अर्जासोबत वरचा हिशेब जोडावा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीच्या १५ टक्के निधीतून वस्तीसाठी सामाईक सौर बंब मागता येईल का, हा प्रश्न ग्रामसभेत भगिनींनीच उभे राहून विचारावा.

आणि ज्यांना सारे ऐकूनही यंत्र घ्यायचेच आहे, त्यांनी कोटेशनवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: टाकी किती लिटरची, हमी यंत्राची किती वर्षे आणि टाकीची किती, जोडणीचा खर्च धरून रक्कम किती, आणि बिघडल्यावर दुरुस्तीचा माणूस मंचर-नारायणगावातून येणार की पुण्याहून.